सावित्रीकाठचं महाड

१६ एप्रिल २०२४ चा मंगळवार आपल्यापैकी कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. १९४९ पासून या देशात पावसाच्या नोंदी ठेवल्या जातात, आणि तेव्हापासून एवढा पाऊस कधी झाला नव्हता. आमच्या अल क्वोजमध्ये गोदामांच्या गल्ल्यांत ट्रक चाकं बुडवून उभे होते, आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाड्या होड्यांसारख्या एकमेकींना धक्के देत होत्या आणि लिफ्ट बंद. आम्ही खिडकीतून व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवत होतो. तेवढ्यात महाडहून सासूबाईंचा फोन आला. "कशा आहात" नाही, "घाबरू नका" नाही. पहिला प्रश्न, "पाणी कितव्या पायरीवर आहे?"

मी म्हटलं, "आई, पायऱ्या मोजल्या नाहीत."

"मग मोज. दर अर्ध्या तासाने मोज. चढतंय की उतरतंय ते कळलं पाहिजे. आणि पिण्याचं पाणी भरून ठेव आधी. पुरात सगळीकडे पाणी असतं, प्यायला नसतं."

मी खाली गेले आणि पायऱ्या मोजल्या. दोन तासांनी एक पायरी उतरली तेव्हा फोन करून सांगितलं. "हं, मग झोपा आता," म्हणाल्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती. पण या बाईंना काय काय माहीत आहे हे मला माहीत नाही, असं त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

तोवर महाड म्हणजे माझ्यासाठी दोन दिवसांचं गाव होतं. दर उन्हाळी सुट्टीत, म्हणजे आपल्या इथल्या उन्हाळ्यात आणि तिथल्या भर पावसात, आम्ही मुंबईला उतरायचो, माझ्या माहेरी आठ दिवस, मग महाडला दोन दिवस, की परत. यंदा मात्र तीन आठवडे राहिलो. कारण साधं होतं. बाजारपेठेतलं घर विकायचं आणि आईंना इकडे आणायचं किंवा पनवेलला फ्लॅट घेऊन द्यायचा, याचा निर्णय करायचा होता. २०२१ च्या पुरानंतर चार वर्षं हा विषय फोनवर चालू होता आणि फोनवर तो सुटत नव्हता.

मुंबईहून महाड साधारण पावणेदोनशे किलोमीटर. पनवेल, पेण, कोलाड, माणगाव, लोणेरे. रस्त्याच्या चौपदरीकरणाबद्दल मी काही बोलत नाही. ज्यांनी त्या रस्त्याने गणपतीला प्रवास केला आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी केला नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. दासगाव आलं की मात्र सगळं विसरायला होतं. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला खाडीचं रुंद, मातकट पाणी, आणि त्याच्या कडेला इतकी हिरवी शेतं की माझी धाकटी लेक म्हणाली, "आई, हा हिरवा रंग खरा आहे ना?" वाळवंटात जन्मलेल्या पोरीने आणखी काय म्हणावं!

महाड समजायचं तर आधी नकाशा समजावा लागतो. शाळेत असताना मी मुलांना 'महाबळेश्वरला पाच नद्या उगम पावतात' हे पाठ करून घेत असे : कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. परीक्षेला एवढं पुरतं. पण बाकीच्या पूर्वेकडे देशावर उतरतात आणि सावित्री एकटी पश्चिमेकडे कोकणात उडी घेते, याचा अर्थ काय हे मी कधी शिकवलं नाही. अर्थ असा की तिच्याजवळ वेळच नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस पोलादपूरमार्गे काही तासांत महाडला येऊन थडकतो. गांधारी आणि काळ या नद्याही महाडच्या आसपासच तिला मिळतात. काळ तर रायगडाच्या बाजूने येते. आणि खाली बाणकोटच्या खाडीतून समुद्राची भरती वर चढत असते. वरून येणारं पाणी आणि खालून येणारी भरती यांची गाठ पडली, की मधलं महाड भरतं. नदीत साठलेल्या गाळाने तिचं पात्र उथळ झालं आहे ते वेगळंच.

पण याच भरतीवर हे गाव उभं राहिलं. रस्ते नव्हते तेव्हा खाडीतून दासगावपर्यंत मोठी गलबतं आणि पुढे महाडपर्यंत लहान होड्या येत. देशावरचा माल वरंधा घाटाने आणि पार घाटाने बैलांच्या पाठीवर उतरायचा, किनाऱ्यावरचा माल होडीने वर चढायचा, आणि दोन्ही महाडला भेटायचे. हे फार जुनं आहे. महामार्गालगत गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, जवळजवळ तीस. तिथल्या एका शिलालेखात विष्णुपालित नावाच्या कुमाराचं नाव आहे. म्हणजे सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीही इथे लेणी कोरवून घेण्याइतका पैसा होता आणि डोंगरात बसून चिंतन करणाऱ्या भिक्षूंना खाली भिक्षा घालणारी वस्ती होती. आम्ही एका उघडिपीला वर चढलो. लेण्याच्या तोंडाशी बसलं की खाली नदी, गाव, पलीकडे डोंगर, सगळं एका नजरेत येतं. मुलाने विचारलं, "यांना पुराचं माहीत होतं म्हणून इतकं वर बांधलं का?" मला हसू आलं. पण उत्तर देता आलं नाही.

शिवाजी महाराजांनी राजधानीसाठी रायगड निवडला, तो महाडपासून पंचवीसेक किलोमीटरवर. ६ जून १६७४ ला तिथे राज्याभिषेक झाला. पुढे १७९६ मध्ये पुण्याच्या राजकारणात अडचणीत आलेले नाना फडणीस महाडला येऊन राहिले आणि इथूनच निजामाशी तह करून पुन्हा पुण्याला गेले. डोंगराच्या पायथ्याची आणि खाडीच्या तोंडाशी असलेली जागा. पळायला दोन्ही बाजू मोकळ्या. आम्ही गेलो त्या जुलैच्या ११ तारखेला रायगडासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. बाजारात मिठाईवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे त्याबद्दल बोलत होते. आम्ही रायगडाकडे निघालो तेव्हा मात्र पाऊस असा धरून आला की पाचाडलाच थांबावं लागलं. जिजाऊंच्या समाधीपाशी छत्री धरून उभे राहिलो. राज्याभिषेक पाहून अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला त्या गेल्या. लेकीने बोटांवर दिवस मोजले आणि बराच वेळ गप्प राहिली. गड ढगात होता. दिसला नाही.

आता बाजारपेठेतल्या घराकडे येते.

घर जुन्या पद्धतीचं. पुढे ओटा, मग दुकानाचा गाळा, मागे माजघर, स्वयंपाकघर, परस, आणि सगळ्यांच्या वर लाकडी माळा. दुकान सासरे गेल्यावर बंद झालं. त्या आधी चार पिढ्या तिथे किराणा होता. गल्लीत बाकीची दुकानं चालू आहेत. सकाळी आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात, कुणी चिंबोऱ्या घेऊन येतं, सुकटीचा वास पावसाच्या वासात मिसळलेला असतो. आई रोज त्याच एका बाईकडून भाजी घेतात आणि रोज तिच्याशी दोन रुपयांवरून भांडतात. नंतर तिलाच ओट्यावर बसवून चहा देतात. दुबईच्या मोठ्या बाजारात मी तासभर ट्रॉली ढकलते तेव्हा एक शब्द बोलावा लागत नाही, हे मला तिथे बसून आठवलं.

माजघराच्या भिंतीवर दोन आडव्या रेषा आहेत. खालची पेन्सिलची, तिच्या शेजारी लिहिलंय २६ जुलै २००५. वरची तेलरंगाची : २२ जुलै २०२१. पहिली माझ्या कमरेच्या थोडी वर येते. दुसरीपर्यंत हात पोचवायला मला टाचा उंचवाव्या लागल्या.

२००५ च्या त्या दिवशी मुंबई बुडाली हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर डोंगर कोसळले आणि जवळपास दोनशे माणसं गेली, हे किती जणांच्या लक्षात आहे? २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी बस आणि इतर गाड्या गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. त्यावरून जाताना ड्रायव्हर आजही नकळत हॉर्न वाजवतो, मी दोनदा पाहिलं. आणि २०२१ मध्ये महाड बुडालं त्याच दिवशी तळिये गावावर दरड आली. तिथे ऐंशीच्या वर माणसं गेली.

त्या रात्रीची गोष्ट आईंनी मला यंदा पहिल्यांदा सांगितली. फोनवर त्या फक्त "पाणी आलं होतं, गेलं" एवढंच म्हणाल्या होत्या. भोंगा वाजल्यावर त्यांनी आधी गॅसची टाकी दोरीने खांबाला बांधली, मग देव, मग कागदपत्रांची पत्र्याची पेटी माळ्यावर चढवली, आणि शेवटी स्वतः चढल्या. एकाहत्तरव्या वर्षी, अंधारात, शिडीने. "येतं तेव्हा हळू येतं गं. मांजरासारखं. आधी मोरीतून, मग जमिनीतून. दारातून येतं तेव्हा उशीर झालेला असतो." रात्रभर त्या माळ्यावर टॉर्च लावून शिडीच्या पायऱ्या मोजत बसल्या होत्या. पाणी शेवटून दुसऱ्या पायरीवर थांबलं.

म्हणजे एप्रिलमधला तो प्रश्न तिथून आला होता.

"पाण्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "पाणी जातं. गाळ राहतो. फ्रीजमध्ये गाळ, कपाटात गाळ, देवाच्या समईत गाळ. आणि जुन्या दुकानाच्या वह्या खालच्या फडताळात राहिल्या होत्या, त्यांचा पार लगदा झाला."

इथे नवऱ्याने मान वर केली. "पणजोबांच्या कीर्दी? त्या गेल्या?"

"गेल्या." मग थोडं थांबून म्हणाल्या, "एका परीने बरं झालं असं तेव्हा वाटलं होतं. आता तसं वाटत नाही."

पुढचं सांगण्याआधी मला चवदार तळ्याबद्दल लिहायला हवं. आमच्या घरापासून ते चालत पाच-सात मिनिटांवर आहे.

बी.एड. झाल्यावर मी सहा वर्षं शाळेत इतिहास शिकवला. महाडचा सत्याग्रह मी दरवर्षी शिकवला. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला, की सरकारी पैशातून चालणारी पाणवठे, धर्मशाळा यांसारखी सार्वजनिक ठिकाणं अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही खुली असावीत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळं खुलं केलं. कागदावर. प्रत्यक्षात त्या तळ्यावर सगळे येत होते, इतर धर्मांची माणसं येत होती, गुरंढोरं पाणी पीत होती. फक्त ठराव ज्यांच्यासाठी होता ते येऊ शकत नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. दासगावचे रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे, नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस अशी माणसं त्यासाठी झटली होती. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या मिरवणुकीच्या पुढे चालत तळ्यावर आले, पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मागोमाग बाकीचे.

दोन तासांनी गावात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मग लाठ्या घेऊन जमाव मंडपात घुसला, जेवत असलेल्या लोकांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलटा हात उचलू दिला नाही. त्यानंतर गावाने तळं 'शुद्ध' केलं : घागरींनी पाणी उपसायचं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवायचं आणि मंत्र म्हणत परत तळ्यात ओतायचं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली तर मंडपाला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृतीचं दहन झालं. गावातल्या काही जणांनी कोर्टातून मनाई हुकूम आणलेला असल्यामुळे त्या वेळी पुन्हा पाणी प्यायचा सत्याग्रह झाला नाही. लोक शिस्तीने तळ्याला वळसा घालून परतले. खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की तळ्यावर कुणाला मज्जाव करण्याची कोणतीही पुरातन वहिवाट सिद्ध होत नाही.

हे सगळं मी फळ्यावर सनावळीसकट लिहून देत असे. लग्न करून महाडच्या घरात आले तेव्हा तळंही बघून आले होते. पण '१९२७ मध्ये आपलं घर कुठे होतं?' हा प्रश्न मी कधी विचारला नाही. घर तर इथेच होतं. दुकान चालू होतं. मग २० मार्चच्या त्या दुपारी ते लाठ्या घेऊन निघालेल्यांत होतं, दार लावून बसलेल्यांत होतं, की मंडपात होतं? इतिहास शिकवणाऱ्या बाईला हे बारा वर्षांत सुचू नये!

कीर्दीत त्याचं उत्तर होतं. आईंना ते सासऱ्यांनी एकदा दाखवलं होतं, त्या लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी. पणजोबांच्या मोडी-बाळबोध मिसळलेल्या अक्षरात एक ओळ : 'तळ्याच्या कामी वर्गणी रुपये ५.' ती शुद्धीसाठी होती की कोर्टाच्या खर्चासाठी, ते सासऱ्यांनाही सांगता आलं नाही. पण मंडपासाठी नव्हती, एवढं ते म्हणाले. "त्या वेळेला पाच रुपये म्हणजे थोडे नव्हेत. आणि घरात ही गोष्ट बोलायची नाही असं त्यांनीच सांगितलं होतं," आई म्हणाल्या. "२० मार्चला आमचं दुकान बंद असायचं. लाखभर माणूस गावात येतो त्या दिवशी, दुसरा कुणी दुकानदार असता तर धंदा केला असता. आमचं बंद. का बंद, ते कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही."

नवरा म्हणाला, "आई, त्याला शंभर वर्षं होत आली. आता ते कशाला उगाळायचं?"

"मी उगाळत नाही. वही होती तोवर वहीत होतं. आता वही नाही. मी गेले की ही गोष्ट झालीच नव्हती म्हणाल तुम्ही."

यावर कुणी काही बोललं नाही. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं. मग त्यांनी पुराचा राहिलेला भाग सांगितला. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर गावात ठिकठिकाणांहून मदतीला माणसं आली होती. आमच्या गल्लीत एका टेम्पोतून दहा-बारा मुलं उतरली, टेम्पोवर निळा झेंडा. फावडी, घमेली घेऊन दोन दिवस त्यांनी गल्लीतली घरं उपसली. आईंना माळ्यावरून उतरवलं त्यांनीच. "खाली आल्यावर एका पोराने पाण्याची बाटली फोडून हातात दिली. छत्तीस तासांनी गोडं पाणी प्यायले मी. त्याला म्हटलं, बाळा, कुठला तू? तो म्हणाला, आजी, आम्ही दरवर्षी येतो तुमच्या गावाला, मार्चात. तुमच्याच ओट्यावर बसतो सावलीला, दुकान बंद असतं ना." हे सांगताना त्या रडल्या वगैरे नाहीत. नेहमीसारखं, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

पुढच्या मार्चपासून त्या २० तारखेला दार उघडं ठेवतात आणि ओट्यावर पाण्याचं पिंप भरून ठेवतात. वर झाकण, बाजूला दोन पेले. मी विचारलं, "लोक पितात?" "कुणी पितं, कुणी बघून पुढे जातं. त्यांचा हक्क आहे तो. मी मोजत बसत नाही." पाण्याच्या पायऱ्या मोजणारी बाई हे म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलांना घेऊन तळ्यावर गेल्या, मी मागून. पाऊस थांबला होता. तळ्याच्या मधोमध बाबासाहेबांचा पुतळा, चहूबाजूंनी बांधीव कठडा. मुलांना गोष्ट मी सांगायची असं ठरलं होतं, पण ती आईंनीच सांगितली, वर्गणीसकट. लेक दहा वर्षांची आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, पण पाणी प्यायला परवानगी कशाला लागते? आमच्याकडे मशिदीबाहेर कूलर असतात ना, कुणीही पितं."

आपल्या इथे राहणाऱ्यांना हे कूलर नवे नाहीत. अल क्वोजमध्ये तर पावलोपावली आहेत. मशिदीच्या भिंतीला, गोदामाच्या फाटकाशी. दुपारी बसमधून उतरलेले कामगार तिथे रांग लावून बाटल्या भरतात : बिहारचे, नेपाळचे, पेशावरचे, आपल्या सोलापूरचेही. कुणीतरी पुण्य म्हणून बसवलेला असतो, त्याचं नावही बहुधा नसतं. मुलीचं म्हणणं बरोबर होतं. पण तिला वाटतं तितकं ते सोपं नाही, हेही मला दिसत होतं. त्याच कूलरपाशी मी मुलांना "इथलं नको पिऊ, घरचं आहे ना बाटलीत" असं कितीदा म्हटलं आहे! कारण स्वच्छतेचं सांगितलं आहे. मुलांनी मला तिथे पाणी पिताना कधी पाहिलेलं नाही. तळ्याच्या पायरीवर उभी असताना हे आठवलं आणि इतिहासाच्या बाईंना जरा गप्प बसावंसं वाटलं.

घराचं काय ठरलं, हे नातेवाईक मंडळी हा अंक हातात पडताच विचारतीलच, म्हणून लिहून टाकते. घर विकायचं नाही असं ठरलेलं नाही. विकायचं असंही ठरलेलं नाही. नवऱ्याचं म्हणणं अजून तेच आहे, आणि ते चुकीचं नाही : पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाने एकट्याने माळ्याच्या शिडीवर रात्र काढू नये. आईंचं म्हणणं, की डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये हे गाव दीड-दोन हजार वर्षं बसलं आहे, माणसं दर वेळी गाळ उपसून परत दुकान लावतात, त्यांना कुणी फ्लॅट घेऊन दिला नाही. सध्यापुरता तोडगा असा निघाला : जून ते सप्टेंबर त्यांनी महाडला एकटं राहायचं नाही. पावसाळ्यात त्या पनवेलला नणंदेकडे, दिवाळीनंतर आमच्याकडे, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत महाडला. ही शेवटची अट त्यांची. माळ्याला शिडीऐवजी पक्का जिना करून घेतला आहे आणि भिंतीवरच्या दोन्ही रेषा रंगाऱ्याला पुसू दिलेल्या नाहीत.

२० मार्च २०२७ ला त्या घटनेला शंभर वर्षं होतील. तेव्हा आपल्या इथल्या शाळांना सुट्टी असेल की परीक्षा, ते कॅलेंडर आल्यावर कळेल. आम्ही जायचं ठरवलं आहे. लेकीने आत्ताच सांगून ठेवलंय की पिंप ती भरणार. तुमच्यापैकी कुणी त्या सुमाराला कोकणात असाल तर महाडला जरूर या. लेणी बघा, रायगड बघा, बाजारात हिंडा, तळ्यावर जा. मार्चात सावित्री अगदी शहाण्यासारखी वाहते, ही पोरगी असं काही करत असेल यावर विश्वास बसत नाही. ऊन लागलं तर आमच्या गल्लीत ओट्यावर बसायला जागा आहे.

परवा आईंचा फोन आला होता. व्हिसाचे कागद पाठवले का, हे विचारायला केला होता, पण आधी म्हणाल्या, "यंदा तुमच्याकडे पाऊस झाला तर पायऱ्या मी मोजीन. तू झोप."